सरपंचाची साखर

नारपोलीत माझा दवाखाना पॉवरलूमच्या एका कारखान्याच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर होता. खाली चोवीस लूम दोन शिफ्टमध्ये चालायचे. टेबल, टेबलावरचं कुत्रं, कुत्र्याला धरणारा मालक आणि मी, असे आम्ही चौघेही दिवसभर बारीक थरथरत असायचो. स्टेथोस्कोप कानाला लावला की कुत्र्याच्या छातीतून फक्त खटाक-खटाक ऐकू यायचं. म्हणून हृदयाचे आणि फुप्फुसाचे सगळे पेशंट मी लोडशेडिंगच्या वेळेत बोलवायचो. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. वीज जायची ती वेळापत्रक लावून जायची. वीज गेली की अख्खी भिवंडी शिव्या घालायची, आणि मी मात्र कान साफ करून तयार बसलेला असायचो.

दवाखान्याच्या पाटीवर मी हौसेने लिहून घेतलं होतं, 'पाळीव प्राण्यांच्या अंतर्गत विकारांचे तज्ज्ञ'. पाटी रंगवणाऱ्याने 'पाळीव प्राण्यांच्या' हे शब्द बारीक काढले आणि 'अंतर्गत विकार' हे ठळक लाल रंगात. पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, तीन दिवस झाले, गॅस वर चढतोय. मी त्यांना समोरची भिंत दाखवली. तिच्यावर कुत्र्याच्या आतड्यांचं चित्र होतं. ते थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "चालंल. पोट ते पोटच."

आमच्या भागात जनावरांचा डॉक्टर म्हणजे म्हशींचा डॉक्टर. तबेल्यात जायचं, खांद्यापर्यंत हात घालायचा, रेडकू ओढून बाहेर काढायचं. ते काम दिसतं. माझं काम दिसत नसे. कुत्र्या-मांजरांच्या पोटात, रक्तात, मूत्रपिंडात काय बिघडलंय ते मी बसल्या जागी शोधायचो, आणि शोधायचो म्हणजे मुख्यतः विचारायचो. कधीपासून? किती वेळा? पाणी किती पितो? काय खातो? पेशंट बोलत नाही, त्यामुळे सगळी मदार मालकावर, आणि मालक मायेपोटी सर्रास खोटं बोलतात. अर्धा तास विचारपूस करून मी औषध लिहिलं की लोक नाराज व्हायचे. "यो डाक्टर सुई मारत न्हाय, नुसता इचारतो," अशी माझी ख्याती पार खारबावपर्यंत पोचली होती. पडघ्याजवळच्या आमच्या गावी वडील पाहुण्यांना सांगायचे, "एवढा शिकला, आन कुत्र्यांच्या चौकश्या करतो."

भिवंडीचे म्हणून काही खास आजार होते. मांजर उलट्या करायला लागलं की दुसऱ्या कुठल्या शहरातला डॉक्टर आधी पोट दाबून बघेल. मी आधी जिभेखाली बघायचो. कारण इथली मांजरं सूत खातात. सुताचं एक टोक जिभेच्या मुळाशी अडकतं, दुसरं आतड्यात उतरतं, आणि मधलं आतडं नाडी ओढलेल्या चोळण्यासारखं चुण्या पडून गोळा होतं. असं सूत ओढायचं नसतं, पोट उघडूनच काढावं लागतं. एका लूमवाल्या शेठची पर्शियन मांजर मी अशीच उघडली. शेठ बाहेर तसबीचे मणी ओढत बसले होते. मी ट्रेमध्ये हातभर सूत घेऊन बाहेर आलो आणि सांगितलं की मांजर वाचली. त्यांनी मांजरीकडे पाहिलंच नाही. सूत उचललं, बोटांत चोळलं, उजेडात धरलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "अल्हम्दुलिल्लाह! डॉक्टरसाब, ये तो पॉलिस्टर है. हमारे यहाँ तो कॉटन चलता है. ये बाजूवाले का माल है!" त्यानंतर महिनाभर ते बाजूवाल्याशी, त्याच्या सुताने मांजर आजारी पाडली म्हणून, भांडत होते.

पण मला सांगायचंय ते सरपंचाबद्दल.

सरपंच म्हणजे कुत्रा. पांढरा, केसाळ, गुबगुबीत पामेरियन. खारबावच्या अलीकडे एका गावात बाळारामशेठ नावाचे गृहस्थ राहायचे. पूर्वीची भातशेती गोदामांखाली गेली, त्या जागी ग्रॅनाइटच्या फरशीचा दुमजली बंगला आला आणि बंगल्यात हा कुत्रा आला. त्याच वर्षी बाळाराम ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत पडले. घरात तरी सरपंच असावा म्हणून त्यांनी कुत्र्याचं नाव सरपंच ठेवलं. गावातल्या खऱ्या सरपंचाने हे मनावर घेतलं होतं असं ऐकलं, पण कुत्र्याचं नाव बदलायला लावायचा ठराव ग्रामपंचायतीला करता येत नाही.

बाळाराम पहिल्यांदा आले ते मुंग्यांची तक्रार घेऊन. "डॉक्टर, फरशीवर मुंग्या झाल्यान. औषध मारणारा दोन वेला येऊन गेला. यो सरपंच जिथं मुततो ना, तिथंच लाइन लागते."

मी विचारलं, "पाणी जास्त पितो का?"

"बादली रिकामी करतो."

"आणि खाऊन खाऊन बारीक होतोय?"

बाळाराम चकित झाले. "तुमाला कोनी सांगलं?"

मला मुंग्यांनी सांगितलं होतं. लघवीत साखर, रक्तात साखर. कुत्र्याला मधुमेह झाला होता. बाळारामांबरोबर त्यांची आई आली होती, चांगूबाय. साठी ओलांडलेली, नऊवारी, कपाळावर रुपयाएवढं कुंकवाच्या जागचं गोंदण, आणि आवाज असा की खालचे लूम चालू असताना तिला दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. मधुमेह ऐकून बाळारामांचा चेहरा पडला, पण चांगूबायच्या चेहऱ्यावर एक प्रकारचं समाधान दिसलं.

"मना पन हाय," ती म्हणाली. "माजा हाय ना त्यो, माजंच दुखनं घेनार."

कुत्र्याच्या मधुमेहाला गोळी फारशी चालत नाही, इन्सुलिन टोचावं लागतं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, जेवणाबरोबर, जन्मभर. हे घरच्या माणसाला शिकवावं लागतं. मी बाळारामांना कच्च्या बटाट्यावर सराव करायला लावला. आणि मग वेळेचं महत्त्व समजावून सांगायला लागलो. ते मी जरा जास्तच समजावलं. "सात म्हणजे सात. सव्वासात नाही. लग्न असो, हळद असो, घरात मयत असो, सातला सुई." कागदावर मी 'जेवणाबरोबर' असं लिहिलं होतं, पण टेबलावर हात आपटून सांगितलं ते फक्त घड्याळाचं. बाळारामांनी तिथल्या तिथे मोबाइलमध्ये दोन गजर लावले. गोड बंद, हेही सांगितलं. चांगूबायकडे बघून सांगितलं.

तीन आठवडे सगळं उत्तम चाललं. मुंग्या गेल्या. सरपंचाचं वजन भरलं. मी त्याचा केसपेपर कौतुकाने दोन-तीनदा काढून पाहिला असेन.

मग एक दिवस दुपारी बाळाराम गाडीतून धावत वर आले. कडेवर सरपंच, मागे चांगूबाय. "पडला डॉक्टर! पाय थरथरले, तोंड वाकडं केलं आन पडला!" पण टेबलावर ठेवला तर सरपंच चक्क उभा राहिला आणि माझ्या हाताचा वास घ्यायला लागला. मी साखर तपासली. साडेतीनशेच्या वर. म्हणजे भरपूर. इन्सुलिन घेणारा पेशंट पडला तर पहिली शंका साखर उतरल्याची. पण इथे तर चढलेली होती. अर्थ सरळ होता, इन्सुलिन कमी पडतंय. मी डोस वाढवला.

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. दुपार, थरथर, पडणं, आणि दवाखान्यात येईपर्यंत सरपंच ठणठणीत, साखर चढलेली. मी आणखी थोडा डोस वाढवला. शिवाय काळजी म्हणून लोडशेडिंगमध्ये बोलावून हृदय ऐकलं. हृदय छान होतं. रक्त मुंबईला पाठवलं. मिरगी असेल का, यकृतात गाठ असेल का, हे विचार करत मी जाडजूड पुस्तकं उघडली. माझ्या एका जुन्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "इंटरेस्टिंग केस आहे, लिहून काढ." डॉक्टरला केस इंटरेस्टिंग वाटू लागली की पेशंटचे हाल सुरू झाले असं समजावं. दरम्यान सरपंचाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. कुत्र्यांना मधुमेहात तो फार लवकर उतरतो, आणि मला तो थांबवता आला नाही. दोन महिन्यांत दोन्ही डोळे दुधाळ झाले. हे मी चांगूबायला सांगितलं तेव्हा ती त्याच्या कपाळावरून बोट फिरवत राहिली. मला फार वाईट वाटलं.

प्रत्येक वेळी मी विचारायचो, "खाण्यात काही बदल?"

"न्हाय डॉक्टर. तुमी सांगलंय त्येच खातो. भाकर आन उकडलेली कोंबडी."

"गोड?"

"नावाला न्हाय."

एकदा सरपंचाच्या मिशांना मला वेलदोड्याचा वास आला होता. चांगूबायने तेवढ्यात पदराने त्याचं तोंड पुसलं. मी समजलो की तिने चहात वेलदोडा घातला असेल. पोटाच्या आजारांचा तज्ज्ञ म्हणवणाऱ्या माणसाने हे असं समजावं!

तिसऱ्यांदा सरपंच पडला तो बराच वेळ उठलाच नाही. दवाखान्यात आणला तेव्हाही त्याची मान हलत होती. साखर मात्र याही वेळी चढलेलीच. मी डोस वाढवायचा असं कागदावर लिहिलं आणि घरी जेवायला गेलो. माझी पत्नी सकाळच्या शाळेत शिक्षिका. तिने ताटात साबुदाण्याची खिचडी वाढली. तिच्या शाळेतल्या एक बाई अधूनमधून डबा भरून आणायच्या. खिचडी अप्रतिम असायची. मी दुसऱ्यांदा घेता घेता सहज म्हणालो, "गंमत बघ. मागे सरपंच पडला त्या दिवशीही खिचडी होती."

ती म्हणाली, "असणारच. त्या बाई संकष्टीलाच आणतात."

घास माझ्या हातातच राहिला. आमचं घर बौद्ध. आमच्याकडे चतुर्थी नाही, एकादशी नाही. कॅलेंडर होतं, पण ते दुधाचे खाडे आणि गॅसची तारीख लिहायला. ते खिळ्यावरून काढलं. खरकट्या हाताने मागची पानं उलटली. पहिल्यांदा पडला त्या तारखेवर छोटासा गणपती छापलेला. दुसऱ्यांदा पडला, तिथेही गणपती. आणि आजच्या चौकोनात तर होताच. तीनही वेळा तो मला बघत होता आणि मी मुंबईहून रक्ताचे रिपोर्ट मागवत होतो.

त्याच दुपारी मी स्कूटर काढली आणि बाळारामांच्या बंगल्यावर गेलो. चांगूबाय ओटीवर बसली होती, सरपंच तिच्या पायाशी आडवा.

मी विचारलं, "मावशी, चतुर्थीला सरपंचाला काय देता खायला?"

"चतुर्थीला?" तिने माझ्याकडे अडाण्याकडे बघावं तसं बघितलं. "चतुर्थीला काय देनार? उपास करतो त्यो."

मग अभिमानाने सगळी हकिगत बाहेर आली. सरपंच पिल्लू असल्यापासून चांगूबायच्या पानाशेजारी जेवायचा. ती जेवली तरच जेवायचा. तिने भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला की मग हा आपल्या ताटलीत तोंड घालायचा. दुसऱ्या कुणी कितीही लाड केले तरी ढुंकून बघायचा नाही. तिची संकष्टी कडक, चंद्र दिसेपर्यंत पाण्याशिवाय काही नाही. मग यालाही काही नाही. गावात त्याचा केवढा मान! शेजारच्या बायका पोरांना घेऊन त्याला बघायला यायच्या. एकीने तर त्याच्या कपाळाला कुंकू लावलं होतं. आणि त्या उपाशी पोटी, बरोबर सातच्या ठोक्याला, गजर वाजला की बाळाराम त्याला इन्सुलिन टोचायचे. एका मिनिटाचा फरक नाही. मी सांगितलं होतं तसं.

"अहो, पण हे मला तीन महिन्यांत एकदाही का नाही सांगितलं? मी दर वेळी विचारत होतो!"

"तुमी काय खातो त्ये इचारलं," चांगूबाय म्हणाली. "काय खात न्हाय त्ये कुठं इचारलं?"

बाळाराम मात्र मान खाली घालून फरशी बघत होते. शेवटी हळूच म्हणाले, "तुमच्यात न्हाय ना चतुर्थी, डॉक्टर. म्हनून... तुमाला आमचे देवाचं कशाला सांगायचं. वाईट वाटंल तुमाला, म्हनून आमी आपलं गप."

माझ्या आजोबांच्या वेळी याच पट्ट्यातल्या गावांत आमच्या मनाला काय वाटेल याची फिकीर कुणी करत नव्हतं. आज हा माणूस माझं मन राखायला तीन महिने तोंड मिटून बसला होता. मला ते आवडलं, आणि त्या मन राखण्यापायी कुत्रा मरायला टेकला होता.

"आणि पडल्यावर दवाखान्यात येईपर्यंत तो बरा कसा व्हायचा?" मी विचारलं.

आता चांगूबायने नजर चुकवली. "गाडीत मी जरा परसादाचा पेढा चारायची. येक. कवा दोन."

"मी गोड बंद सांगितलं होतं ना?"

"परसाद काय गोडात धरतात?"

उपास खाण्यात धरत नाहीत आणि प्रसाद गोडात धरत नाहीत, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. मी ओटीच्या पायरीवर बसलो आणि दोघांना सगळं खरं सांगितलं. उपाशी पोटी इन्सुलिन दिलं की साखर धाडकन उतरते. त्यानेच तो पडत होता. तुम्ही पेढा दिलात, शिवाय घाबरलेलं शरीर स्वतःही साखर वर ढकलतं, म्हणून माझ्यापर्यंत येताना ती चढलेली दिसायची. ती बघून मी डोस वाढवत होतो. म्हणजे पुढच्या चतुर्थीला तो आणखी जोरात पडावा याची सोय मीच करत होतो.

"मंजे तुमचे सुईनं मरत व्हता," चांगूबायने हिशेब मांडला, "आन परसादानं वाचला?"

"हो," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

ही बातमी दोन दिवसांत खारबाव स्टेशनापर्यंत गेली. पुढे वर्षभर मला भेटणारा माणूस आधी हसायचा. माझ्या केसपेपरवर मात्र त्या दिवसापासून एक छापील ओळ वाढली, 'घरात उपवास कोण करतं?' नवे पेशंट ती वाचून गोंधळायचे. एका मौलवीसाहेबांनी त्यांच्या बोक्यासाठी तिथे रमजानचे सगळे रोजे लिहून दिले.

डोस मी अर्थातच खाली आणला. आणि सांगितलं की महिन्यातून एक दिवसाचा प्रश्न आहे, संकष्टीला अगदी थोडं इन्सुलिन देऊ. काढता येईल दिवस.

"आन नवरातरात?" चांगूबायने विचारलं.

"नवरात्रात काय?"

"नऊ दिवस आमी दोघं येक वेलच जेवतो. दिवस मावलल्यावं."

श्रावणी सोमवार ती करत नव्हती, महादेवाशी तिचं जुनं काही बिनसलेलं होतं. पण देवीचे नऊ दिवस पक्के. आदल्या वर्षी सरपंचाने ते निभावले होते, कारण तेव्हा त्याला मधुमेह नव्हता. आता नऊ दिवस सकाळी जेवण नाही, म्हणजे सकाळचं इन्सुलिन नाही, आणि मधुमेही कुत्र्याला असं सलग अर्धवट ठेवलं तर रक्त आंबट होत जातं आणि तो जातो. त्यातून सरपंचाची तब्येत तीन वेळा पडून आधीच खिळखिळी झालेली. हे मी जमेल तितक्या सोप्या भाषेत सांगितलं. त्याने रोज दोन वेळा खाल्लंच पाहिजे. दुसऱ्या कुणाच्या हातून खाऊ द्या.

पंधरा दिवस त्यांनी सगळे उपाय केले. सूनबाई त्याच्या शेजारी पाटावर बसून जेवल्या. बाळाराम स्वतः जमिनीवर बसून, मचमच आवाज करत जेवले. गावातला एक जण कोंबडीची तंगडी घेऊन आला. सरपंच सगळ्यांकडे पाठ करून बसायचा. मी म्हणालो, मग एकच मार्ग उरला. मावशी, तुम्ही सकाळी त्याच्याबरोबर चार घास खा.

चांगूबाय माझ्यावर कडाडली. "चालीस वर्सं झाली. नवरा गेला त्या दिवशी पन चतुर्थी मोडली न्हाय. कुत्र्यासाटी मोडू?"

मग बाळारामांनीच मला बाजूला नेऊन सांगितलं. ते पाच वर्षांचे असताना त्यांना टायफॉइड झाला होता. वाचतील अशी आशा नव्हती. तेव्हा आईने हे उपास धरले. पोरगा वाचला. उपास मोडला तर पोराला काहीतरी होईल, ही भीती तिच्या मनात चाळीस वर्षं ठाण मांडून होती. तिच्या साखरेच्या डॉक्टरांनी उपास बंद सांगून किती वर्षं झाली होती. ती गोळी घ्यायची, उपाशी राहायची आणि घेरी आली की देवाने डोक्यावर हात ठेवला म्हणायची. मी जनावरांचा डॉक्टर, माणसांना औषध सांगायचा मला अधिकार नाही. पण माझ्या एका पेशंटचं जे होत होतं तेच तिचंही होत होतं, एवढं मला कळत होतं.

"आय," बाळाराम तिला म्हणाले, "मी पंचेचालीस वर्साचा झालू. मना आता टायफॉइड होत न्हाय."

"तू गप. तुजेमुलं तं चाललंय सगलं."

गणपती गेल्यानंतरची संकष्टी आली. नवरात्र दहा-बारा दिवसांवर. त्या सकाळी मी पावणेसातलाच बंगल्यावर पोचलो. स्वयंपाकघरात चांगूबाय पाटावर बसली होती, पुढे ताट. ताटात तांदळाची भाकरी. शेजारी सरपंचाची ताटली, त्यात भाकरी आणि, चतुर्थी म्हणून कोंबडीऐवजी, दही. बाळाराम भिंतीला टेकून, हातात सिरिंज. मला वाटलं, जिंकलो. पण चांगूबायने मला डोळ्यांनी खुणावलं की गप राहा, आणि तिने काय केलं, तर भाकरी मोडल्यासारखा आवाज केला, रिकामा हात तोंडाशी नेला आणि मचमच चावायला लागली. भांड्यावर बोट वाजवलं. ढेकरसुद्धा दिली. आंधळ्या कुत्र्याला काय दिसणार, असा तिचा डाव होता.

सरपंचाने कान टवकारले. उठला. तिच्या तोंडाजवळ नाक नेलं, हनुवटीपासून ओठांपर्यंत एकदा नीट हुंगलं, आणि परत जागेवर जाऊन, तिच्याकडे पाठ करून बसला.

मला हसू फुटलं. बाळारामही हसले. चांगूबाय नाही हसली. तेवढ्यात मोबाइलचा गजर वाजला. मी सरपंचाच्या कानाला बारीक टोचून साखर पाहिली. खूपच चढलेली होती. लघवीची पट्टीही बघितली, तिचा रंग मला आवडला नाही; ठरवलेल्या थोड्या इन्सुलिनवर आज भागणार नव्हतं. ते मी बोलून दाखवलं.

चांगूबायने विचारलं, "सुई न्हाय दिली तं?"

"रक्तात विष साचत जाईल. दोन दिवस, तीन दिवस."

"आन उपाशी दिली तं?"

"पडेल. या वेळी पेढ्याने उठेलच असं नाही."

स्वयंपाकघरात देव्हारा होता. ती त्याच्याकडे बघत बसली. बाळारामांनी गजर बंद केला. मग तिने हात जोडले, आणि दरडावायच्या आवाजात, जसं ती माझ्याशी बोलायची तसं देवाशी बोलली. "पोराला संभाल. मोटा झाला म्हंजे काय झालं. संभाल त्याला." आणि भाकरीचा तुकडा मोडून तोंडात घातला.

चावण्याचा आवाज तोच होता, जो तिने मघाशी काढला होता. पण सरपंच वळला. आला, नाक लावून खात्री केली आणि ताटलीत तोंड घातलं. बाळारामांनी त्याच्या पाठीची कातडी चिमटीत धरून सुई टोचली. त्यांचे डोळे भरलेले होते, आणि ते लपवायला त्यांनी सिरिंज उगाचच उजेडात धरून बघितली.

"बालाराम," चांगूबाय त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "माजी गोली आन."

सरपंचाने ताटली चाटून पुसून साफ केली. मी कागद-पेन पिशवीत भरून निघायला उठलो. पण तो आपल्या जागेवर गेला नाही. वास घेत घेत चांगूबायच्या ताटापाशी आला आणि नाक ताटात घातलं. अर्धी भाकरी तशीच होती. त्याने तिला तोंड लावलं नाही. तो तिथेच, ताटाला नाक टेकवून बसून राहिला. तिने त्याला ढकललं. तो हलेना. पुन्हा ढकललं. तो आणखी घट्ट बसला.

"खातंय रं बाबा," चांगूबाय म्हणाली आणि उरलेली भाकरी जवळ ओढली, "खातंय."